सोड्याचा वायू आणि चेहऱ्यावरची सुरकुती

श्रोतेहो, आज ज्या वायूविषयी मी बोलणार आहे तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. गोटीच्या सोड्याची बाटली फोडली की फस्सकन बाहेर येतो, तो हाच. शाळेत गुरुजी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावतात आणि निवळी दुधासारखी पांढरी होते, तीही याच वायूने. पुस्तकात त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात. आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू.

या वायूची दुसरीही ओळख आपल्याकडे आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध. पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नाही. ते काही वेळ उघडे ठेवतो, मोकळी हवा खेळू देतो. कारण बंद पेवात कर्बवायू साचतो, प्राणवायू कमी होतो आणि उतरणारा गुदमरतो.

आता असा हा वायू सुईने कातडीखाली सोडला म्हणजे चेहरा तरुण दिसतो, असे कुणी सांगितले तर? तुम्ही हसाल. मीही प्रथम हसलो. पण सांगणारी माझी सख्खी भाची होती आणि तिला हसू येत नव्हते.

भाची खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय चौतीस. रोज दोन मैल उन्हातून चालणे. लग्नाची बोलणी चालली होती आणि पाहायला आलेल्यांपैकी एक बाई जाताना बोलून गेल्या, “मुलगी वयाने थोराड दिसते.” ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. तालुक्याच्या गावी एका सौंदर्यगृहात सहा वेळा वायूच्या सुया घ्यायचे तिने ठरवले. त्यासाठी ती पोस्टातली पुंजी काढणार होती. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून विचारायला आली. म्हणाली, “मामा, हे खरं आहे की थाप आहे, एवढंच सांग. उपदेश नको.”

तिला जे सांगितले, तेच आपणांस सांगतो.

या उपचाराचा उगम फ्रान्समधला. तिथे ओव्हेर्न प्रांतात विझलेल्या ज्वालामुखींच्या पायथ्याशी रुआया नावाचे गाव आहे. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीच्या कुंडात अंग शेकायला जातात ना, तसे तिथल्या झऱ्यांवर जातात. त्या पाण्यात कर्बवायू विरघळलेला असतो. पायांच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या रोग्यांना या पाण्याने व वायूने आराम पडतो, असे तिथल्या डॉक्टरांना दिसून आले. 1932 सालच्या सुमारास या उपचाराला तिथे पद्धतशीर रूप आले. पुढे तोच वायू सुईने कातडीखाली देऊ लागले. सौंदर्यासाठी त्याचा वापर फार नंतरचा.

आता हा वायू शरीरात करतो काय? आपले रक्त प्राणवायू वाहून नेते आणि अवयवांना वाटते. पण सगळ्यांना सारखा नव्हे. शेतात दारे धरणारा गडी ज्या वाफ्याला तहान आहे तिकडे पाणी वळवतो, तसेच हे आहे. जिथे काम जास्त, तिथे कर्बवायू जास्त तयार होतो. रक्ताला तीच खूण पटते आणि तिथे ते प्राणवायू अधिक सोडते. ही गोष्ट डेन्मार्कचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बोर यांनी 1904 साली दाखवून दिली. अणूची रचना सांगणारे नील्स बोर हे त्यांचेच चिरंजीव. शिवाय कर्बवायू वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे पाटच रुंद होतो.

सुईने वायू देणारे नेमकी हीच खूण कृत्रिमपणे उभी करतात. कातडीखाली वायू गेला की शरीराची समजूत होते, इथे टंचाई आहे. मग रक्ताचा ओघ वाढतो. त्यातच वायूच्या दाबाने कातडी थोडी ताणली जाते, सुईने बारीक इजा होते. ती भरून काढण्यासाठी शरीर नवे तंतू विणू लागते. कातडीला ताठपणा देणाऱ्या या तंतूंना कोलॅजन म्हणतात. म्हणजे मुळात कल्पना थाप नाही, तिला शास्त्राचा आधार आहे.

“मग त्या पेवातल्या वायूचं काय?” भाचीने विचारले. प्रश्न रास्त होता. पेवात घातक ठरतो तो श्वासात आलेला पुष्कळ वायू. इथे तो मोजून, थोडा देतात. तो रक्तात चटकन विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे 4 टक्के कर्बवायू असतोच. बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास, म्हणजे आपण रोज शंभरपट बाहेर टाकतो. दुर्बिणीने पोटाची शस्त्रक्रिया करताना पोट फुगवायला डॉक्टर हाच वायू वापरतात, तेही याच गुणामुळे. साधी हवा रक्तवाहिनीत गेली तर जिवावर बेतू शकते.

इथवर ऐकून भाचीचा चेहरा उजळला. पण कल्पना बरोबर असणे वेगळे आणि गुण येणे वेगळे. बी उगवले म्हणजे पीक पदरात पडले असे शेतकरी म्हणत नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सुरकुत्या, पोटावरचे व्रण यांवर या उपचाराचे प्रयोग झाले आहेत. काहींना फरक पडलेला दिसतो. पण प्रयोगांतील माणसे थोडी आणि पाहणीचा काळ लहान. पोटाच्या चरबीवर अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सोळा जणांवर काळजीपूर्वक प्रयोग झाला व तो 2018 साली प्रसिद्ध झाला. पाच आठवडे सुया दिल्यावर चरबी किंचित उतरली, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात तो फरक टिकलेला नव्हता. चेहऱ्याची गोष्ट वेगळी असेल, तरी टिकण्याचा प्रश्न तिथेही विचारलाच पाहिजे.

त्रासही होतो. टोचताना दुखते, जागा सुजते, काळीनिळी पडते, बोटाने दाबली तर करकरते. गरोदर स्त्रिया, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे रोगी यांनी तर या वाटेला जाऊ नये. डोळ्यांभोवतीची जागा फार नाजूक, तिथे अडाणी हात नकोच.

एक गल्लत मात्र टाळावी. कार्बन डाय-ऑक्साइड लेझर म्हणून जे म्हणतात, ते हे नव्हे. त्यात वायू शरीरात जात नाही, वायूच्या नळीतून निघालेला तीव्र किरण कातडीवर सोडतात. तो लेझर 1964 साली अमेरिकेत शोधून काढणारे कुमार पटेल हे मूळचे आपल्या बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी.

भाचीला मी जा असेही म्हटले नाही, जाऊ नको असेही नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले. सुई देणारा नोंदलेला डॉक्टर आहे काय? वायू औषधी दर्जाचा आहे की वेल्डिंगच्या दुकानातला? काही बिघडले तर उपाय करणारे कोण हजर असेल? आणि गुण किती महिने टिकतो?

ती कागद घेऊन गेली. पहिल्या प्रश्नाला उत्तर आले, “डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, एरवी आम्हीच देतो.” पुढचे तीन तिने विचारलेच नाहीत. पुंजी पोस्टातच राहिली. मग जिल्ह्याच्या गावी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना भेटली. त्या म्हणाल्या, “तुमच्या चेहऱ्यावर वय नाही, ऊन आहे.” उन्हातले अतिनील किरण कोलॅजनचे तंतू तोडतात, तेव्हा आधी छत्री धरा, ऊन अडवणारे मलम लावा. सुयांचा विचार मागाहून हवा तर करू.

लग्नाचे अजून जमलेले नाही. पण परवा तिच्या शाळेत गेलो, तर ती मुलांना चुन्याच्या निवळीत फुंकायला लावत होती. निवळी पांढरी झाली तशी एका पोराने विचारले, “बाई, हा वायू चांगला की वाईट?” ती म्हणाली, “किती आहे, कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे, ते आधी विचार.”

गुरुजनहो, हा प्रयोग आपणही वर्गात करून पाहावा. चिमूटभर चुना, पेलाभर पाणी आणि एक नळी एवढेच त्याला लागते.