ब्रॉम्सग्रोव्ह येथील थडगीं व अमेरिकन इंजिनें

शिलालेखांतील अक्षरें आपण चिकित्सेनें तपासतों. परंतु लेखावर कोरलेलें चित्र मात्र सहसा विश्वासानें स्वीकारतों. असा विश्वास किती अंगलट येतो याचें एक उदाहरण इंग्लंडांत आहे. तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वूस्टरशर परगण्यांतील ब्रॉम्सग्रोव्ह गांवीं सेंट जॉन चर्चच्या आवारांत टॉमस स्केफ व जोसेफ रदरफोर्ड या दोन रेल्वे-नोकरांचीं थडगीं शेजारींशेजारीं आहेत. ता. १० नोव्हेंबर १८४० रोजीं ब्रॉम्सग्रोव्ह स्टेशनांत एका इंजिनाचा बॉयलर फुटला. त्यांत स्केफ जागींच ठार झाला व रदरफोर्ड दुसऱ्या दिवशीं वारला. थडग्यांवरील शिळांवर आगगाडीचें इंजिन कोरलेलें आहे. पुढें चार लहान चाकें व मागें दोन मोठीं, ही त्याची ठेवण फिलाडेल्फिया येथील विल्यम नॉरिस यांच्या कारखान्यांतील इंजिनांची होय.

हीं अमेरिकन इंजिनें तेथें कां आलीं? बर्मिंगहॅम-ग्लॉस्टर रेल्वेवर लिकी नांवाचा चढ आहे. तेथें सुमारें दोन मैलपर्यंत दर ३७·७ फुटांस एक फूट चढावें लागतें. अशा ठिकाणीं स्थिर यंत्रास दोर बांधूनच गाडी ओढावी, असें ब्रुनेलसारख्या जाणत्यांचें मत होतें. परंतु १८३६ सालीं नॉरिस यांच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ इंजिनानें फिलाडेल्फियाजवळ सुमारें १४ फुटांस एक फूट असा चढ स्वबळावर चढून दाखविला होता. तेव्हां कंपनीचे इंजिनीअर कॅप्टन मूरसम यांनीं नॉरिस यांचीं इंजिनें पसंत केलीं, आणि लिकीवर तीं उपयोगीं पडलीं.

आतां चित्र पाहून अनेकांनीं स्फोटाचा दोष नॉरिस यांच्या माथीं मारला. वस्तुतः फुटलें तें इंजिन निराळें होतें. त्याचें नांव ‘सरप्राइझ’. तें बर्मिंगहॅमचे डॉ. विल्यम चर्च यांच्या रचनेचें असून तेथें परीक्षेकरितां आणलें होतें. मग शिळेवर दुसरेंच इंजिन कां आलें? आमचें अनुमान असें कीं, त्या मार्गावर नित्य दिसणारें इंजिन तेंच असल्यामुळें पाथरवटानें तें कोरलें. मृतांचा धंदा दर्शविणें एवढाच त्याचा हेतु असावा. अपघाताची साक्ष देणें हा नव्हे.

तात्पर्य, शिळा अस्सल, लेख समकालीन, चित्रही हुबेहूब. तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला आणि एका निरपराध कारागिराची अपकीर्ति झाली. चित्रावरून त्या काळीं काय प्रचारांत होतें तें कळतें. काय घडलें तें ठरविण्यास स्वतंत्र पुरावाच पाहिजे.