बीजदोष आणि वंशवृक्ष : जुन्नर-आंबेगावच्या वैद्यांसाठी एक विचार

भीमाशंकरच्या रांगेपासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरवस्त्यांत गोळा होणारा बाळहिरडा आपल्या औषधालयांत वर्षानुवर्षे येतो. तो गोळा करणारी महादेव कोळी व ठाकर कुटुंबे आपल्यापैकी अनेकांचे रुग्णही आहेत. त्यांचे दुखणे आपण जाणतो. परंतु त्यांच्या कुटुंबाचा वंशवृक्ष कागदावर मांडून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही. या लेखात आम्ही त्या सवयीचाच आग्रह धरणार आहोत.

हा विषय आपल्या शास्त्राला परका नाही. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषातून उद्भवणाऱ्या व्याधींना 'आदिबलप्रवृत्त' म्हटले आणि त्यांचे मातृज व पितृज असे भेद केले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर एक मार्मिक शंका उपस्थित केली आहे : आंधळ्या पित्याचे अपत्य आंधळेच का जन्मत नाही? बीजाचा जो भाग दूषित असेल, त्यापासून घडणारा अवयवच विकृत होतो, असे त्याचे उत्तर दिले आहे. दोष शरीरातून नव्हे, बीजातून संक्रमित होतो, हा त्यातील मर्मभाग होय. आधुनिक जनुकशास्त्र व ही मांडणी एकच आहेत, असा दावा आम्ही करीत नाही; मात्र वैद्याला हा विचार सहज उमगावा, एवढी पूर्वपीठिका आपल्यापाशी आहे.

एकाच जनुकाच्या दोषाचे ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेल. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठरतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला; महाराष्ट्रात त्याचा प्रादुर्भाव विदर्भात व नंदुरबारकडे अधिक आहे. म्हणून पुणे जिल्ह्यातील वैद्याने निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. मजुरीसाठी माणसे स्थलांतर करतात, सोयरिकी दूरवर जुळतात. जनुक तालुक्याची शीव ओळखत नाही. शिवाय बीटा थॅलॅसेमियाचे वाहक समाजाच्या सर्वच थरांत आढळतात.

संक्रमणाचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून, एक पित्याकडून. एकच प्रत सदोष असणारा 'वाहक' सहसा निरोगी असतो. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के. येथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढील तिघे सुटले, असे घडत नाही.

आता मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाचा विचार करू. सगोत्र वा एका देवकात विवाह न करण्याचा दंडक आपण पाळतो. पण कुळ पित्याकडून मोजले जाते, जनुक मात्र दोन्हींकडून येते. मामेबहीण भिन्न कुळाची असली तरी तिचे व वराचे आजा-आजी एकच असतात. आजा वाहक असल्यास नातवाकडे तो दोष येण्याची शक्यता ४ मध्ये १, नातीकडेही तेवढीच. दोघेही वाहक असण्याची १६ मध्ये १ आणि त्यांचे प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची ६४ मध्ये १. कुळाचा दंडक ही वाट अडवू शकत नाही. साधी रक्ततपासणी अडवू शकते.

वंशवृक्षाला दहा मिनिटे पुरतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. रुग्ण पूर्ण काळा, वाहक अर्धा काळा, नात्यातील विवाहास दुहेरी रेघ. किमान तीन पिढ्या मांडाव्यात. अकाली दगावलेली बालके विसरू नयेत. निरोगी आईबापांची अनेक मुले-मुली रुग्ण असतील, तर दोष अप्रभावी असण्याचा संभव. पिढ्यान्‌पिढ्या थेट उतरत असेल, तर प्रभावी. मामा व भाचा रुग्ण आणि मधली बहीण निरोगी असेल, तर हिमोफिलियासारखा एक्स गुणसूत्रावरील दोष मनात आणावा.

याचा चिकित्सेशी थेट संबंध आहे. पांडुता, कावीळ, प्लीहावृद्धी, हातापायांची सूज व वारंवार हाडे दुखणे अशा तक्रारींचे मूल आले, की आपण पांडु वा आमवात म्हणून उपचार आरंभतो. परंतु लोहाची उणीव सिद्ध झाल्यावाचून मंडूर वा लोहभस्म महिनोन्‌महिने देणे योग्य नव्हे. थॅलॅसेमियात शरीरात लोह आधीच साचत असते. सिकलसेल रुग्णास लंघन, स्वेदन, वमन वा विरेचन देणेही धोक्याचे : शरीरातील जलांश घटला की पेशी विळ्याकार होऊन तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्वर, छातीत दुखणे वा श्वास लागणे दिसताच रुग्णालयात पाठवण्यास विलंब करू नये. औषधालयाच्या मालकांनीही दीर्घकाळ लोहकल्प नेणाऱ्या ग्राहकास तपासणीविषयी एकदा विचारावे.

विद्राव्यता चाचणी ही केवळ चाळणी आहे. निदानास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी लागते. केंद्र शासनाच्या १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्याविषयीची चौकशी तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात करावी.

शेवटी एक पथ्य वैद्यासाठी. वंशवृक्ष ही कुटुंबाची ठेव आहे. ती चव्हाट्यावर येऊ नये. रुग्ण बालकाचा दोष सुनेच्या माथी मारला जातो, तेव्हा 'दोन्ही प्रती लागतात, एक तुमच्याही घरातून आली', हे सासूबाईंना शांतपणे समजावणे हेही वैद्यकर्मच आहे.