सहाणेवरचे शब्द

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली सवारी गाडी पापनाशम मागे टाकून सुंदरपेरुमाळ कोयिलच्या लहानशा स्थानकात थांबू लागते, तेव्हा आवळलेल्या ब्रेकांखाली चाके घासून जो दीर्घ, कर्कश स्वर उठतो, त्याच्या कारणाला पदार्थविज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात ‘फ्रिक्शन’ असे भारदस्त लॅटिन नाव असले, तरी इंग्रजांच्या नित्याच्या बोलण्यातला शब्द ‘रब’ हाच होय. आणि या एवढ्याशा शब्दाने अर्थांचा जो विस्तीर्ण संसार थाटला आहे, तो पाहिला म्हणजे लॅटिन शब्दाचे वैभव उसने वाटू लागते.

चौदाव्या शतकापासून तो इंग्रजी लेखनात आढळतो. उत्तर जर्मनीच्या बोलींत त्याचे सगोत्र आहेत, परंतु त्याचा मूळपुरुष कोण, याचा निवाडा कोशकारांना आजवर करता आलेला नाही. हिरवळीवर गोळे घरंगळत नेण्याच्या ‘बोल्स’ या खेळात गोळ्याची वाट वाकविणाऱ्या उंचवट्याला ‘रब’ म्हणत; शेक्सपियरने हॅम्लेटच्या विख्यात स्वगतात मरणोत्तर स्वप्नांच्या धास्तीसाठी हाच शब्द योजला, आणि तेव्हापासून ‘खरी मेख’ या अर्थाने तो रूढ झाला. आगरकरांनी हे नाटक 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले खरे. पण ज्या भाषेच्या अंगणात तो खेळच कधी खेळला गेला नाही, तिच्यात त्या शब्दामागचा अडखळलेला गोळा कसा दिसावा? त्याच शब्दाचे दुसरे अपत्य मात्र आपल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत आहे. शिसपेन्सिलीची रेघ पुसून टाकणाऱ्या एका नव्या पदार्थाची नोंद जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने 1770 साली केली, त्याच्या अर्ध्या इंचाच्या तुकड्याला लंडनमध्ये तीन शिलिंग पडतात हेही लिहून ठेवले, आणि घासून खोडणारा म्हणून त्या पदार्थाचे नाव ‘रबर’ पडले.

आपल्याकडचा संसारही काही कमी मोठा नाही. संस्कृतातील ‘घृष्’ धातूपासून घर्षण आले, संघर्ष आला आणि मराठीतले घासणेही आले. मग बाजारात भावासाठी घासाघीस सुरू झाली, दोन घरांत दाट घसट निर्माण झाली, आणि जमाखर्चाच्या वहीत यंत्रांच्या झिजेसाठी घसारा हा नेमका शब्द येऊन बसला. भांडण, सौदा, स्नेह आणि हिशेब या चौघांनी एकाच क्रियेपाशी यावे, याचे मला फार अप्रूप वाटते. ‘कष्’ हा दुसरा धातू तर याहून खोल नेतो. कसोटी त्याची, निकष त्याचा, आणि कष्ट हा शब्दही पाणिनीने त्याच धातूखाली नोंदविला आहे. म्हणजे घासण्याच्या एका अनुभवातून इंग्रजी माणसाला वाटेतली अडचण दिसली, तर आपल्या पूर्वजांना परीक्षा आणि श्रम दिसले. तीच गोष्ट हातांची. इंग्रज हात चोळतो तो लाभाच्या आशेने, आणि आपण हात चोळीत बसतो ते संधी निसटल्यावर. तळहातांची हालचाल एकच असताना दोन भाषांनी तिच्यातून वाचलेले मन इतके वेगळे आहे, की भाषांतरकाराने येथे पावलोपावली सावध राहावे.

या मुलखात तर मराठी परकी नव्हे. एकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरची गादी भोसल्यांकडे होती, दफ्तर मोडीत चालले, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमच्याच एका मराठी कुटुंबात जन्मले. अशा घरांत सहाणेवर चंदन उगाळताना ‘झिजणे’ म्हटले जात असेल, तेव्हा अंगणापलीकडे त्याच झिजेला ‘तेय्’ म्हणत. तमिळमध्ये वद्यपक्षाचे नावच ‘तेय्पिरै’, म्हणजे झिजत जाणारा चंद्र. आणि सोन्याचा कस पाहण्याच्या दगडाला ‘उरैकल्’ म्हणतात, त्यातला ‘उरै’ घासण्यालाही चालतो आणि बोलण्याला, ग्रंथावरील भाष्यालाही.

सुंदरपेरुमाळ कोयिलनंतरचे स्थानक स्वामीमलै. येथील मूर्तिकारांच्या कारखान्यात शिरले म्हणजे या सगळ्या शब्दांचा मूळ आवाज कानी पडतो. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर चढवायचे, तापवून मेण वाहू द्यायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही रीत आता पुष्कळांना ठाऊक आहे. तो गाळ मात्र बोटांत धरून पाहावा. पिठाहून मऊ लागणारी ही माती म्हणजे कावेरीने सह्याद्रीतल्या आपल्या उगमापासून वाटेतले खडक झिजवीत, शेकडो मैल घासत आणलेले त्यांचे चूर्ण. मेणावर कोरलेली दागिन्याची बारीकशी रेघही ती उचलते, ती याच झिजेमुळे. साचा फोडल्यावर हाती येणारी मूर्ती काळपट, खरबरीत आणि बोलायचे तर अनोळखी असते. मग कानस, छिन्नी, पॉलिशकागद, आणि अखेरीस चिंच व रिठा. मूर्ती ओतायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ तिला घासायला लागतो, आणि या दीर्घ, कंटाळवाण्या कामातूनच पापणीची कड, नखाचा अर्धचंद्र, ओठांच्या कोपऱ्यातले स्मित एकेक करून वर येते.

कानस चालवणारा कारागीर अधूनमधून थांबतो. तळहातांवर पितळी कीस चिकटलेला असतो. तो दोन्ही हात एकमेकांवर चोळून झाडतो, मूर्तीचा गुडघा अंगठ्याने चाचपून पाहतो, आणि जेथे बोट अडखळते तेथे पुन्हा कानस टेकवतो.