पिकअपचे ढिले स्टिअरिंग : आधी निदान, मग दुरुस्ती

फळे आणि भाजीपाला दूरच्या बाजारपेठेत पाठविणाऱ्या शेतकऱ्यासाठी पिकअप हे शेतीतील महत्त्वाचे साधन झाले आहे. फवारणी यंत्राची वा ठिबक संचाची काळजी जितक्या नियमाने घेतली जाते, तितकी या वाहनाची घेतली जात नाही. त्याचे परिणाम मात्र अधिक गंभीर असू शकतात.

समजा, तासगाव परिसरातील द्राक्षे घेऊन निघालेली एक पिकअप बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर या मार्गाने ६०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून पहाटे बंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरात पोहोचली. महामार्गावर गाडी सरळ ठेवण्यासाठी चालकाला स्टिअरिंग सतत सावरावे लागत होते. वाऱ्यामुळे तसे होत असावे, असे त्याला वाटले. जे. पी. नगरातील वळणांवर मात्र स्टिअरिंग बरेच फिरविल्यानंतरच चाके वळू लागतात, हे स्पष्ट झाले. माल उतरवून झाल्यावर मनात विचार येतो, ‘आता गाडी रिकामीच आहे, गावी जाऊन पाहू.’ हाच विचार घातक ठरू शकतो. झिजलेला सांधा परतीच्या वाटेवर सुटला, तर चाकांवर चालकाचे नियंत्रण राहत नाही.

प्ले किती असावा?

चाके न वळता स्टिअरिंग जेवढे मोकळे फिरते, त्याला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ही हालचाल सुमारे १० सेंटिमीटर भरते. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. सुस्थितीतील वाहनात प्ले याहून बराच कमी असतो. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट व पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो. टोपी फाटली की आत धूळ व पाणी शिरते, ग्रीस निघून जाते आणि सांधा झपाट्याने झिजतो. शेताकडच्या कच्च्या रस्त्यांवर ही झीज अधिक होते.

तपासणीचा क्रम

प्रथम टायरमधील हवा, टायरची असमान झीज आणि चाकांचे नट पाहावेत. कमी हवेमुळेही गाडी भरकटते.

त्यानंतरच्या तपासणीसाठी दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी व मागील चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने स्टिअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंत प्रत्येक सांधा क्रमाने पाहावा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी स्तब्ध राहते, तेथे दोष असतो. दांड्यावरील जोड, स्टिअरिंग बॉक्स चासीला धरून ठेवणारे बोल्ट, त्यापुढील लिंक आणि शेवटी दोन्ही टाय रॉड एंड, असा हा क्रम आहे. रॅक प्रकारच्या स्टिअरिंगमध्ये बॉक्सऐवजी रॅकचे माउंटिंग व बुश तपासावेत.

पुढची पायरी जॅकवरची आहे. पुढचे चाक उचलल्यावर केवळ जॅकवर विसंबू नये, गाडीखाली भक्कम स्टँड लावावा. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलविल्यास प्ले जाणवला, तर संशय टाय रॉडच्या सांध्यांवर घ्यावा. वर-खाली धरून हलविल्यास प्ले आढळला, तर व्हील बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट यांपैकी एक झिजलेले असते. अशा वेळी सहकाऱ्याला ब्रेक दाबण्यास सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो. कायम राहिला तर किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा.

पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही पाहावेत. ते ढिले असल्यास ॲक्सल जागचा सरकतो आणि गाडी भरकटते. क्रेट मागच्या ॲक्सलच्या मागे रचले गेल्यास पुढच्या चाकांवरील भार घटतो व स्टिअरिंग हलके वाटते. हा दोष भाग बदलून जात नाही. माल नीट रचावा लागतो.

दुरुस्तीतील नेहमीची चूक

अनेकदा इतर काहीही न तपासता स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला जातो. कीड न ओळखता फवारणी करण्याचाच हा प्रकार आहे. लक्षण काही काळ दबते, झिजलेला टाय रॉड एंड तसाच राहतो. बॉक्समधील दाते चाके सरळ असताना सर्वांत घट्ट बसतात. म्हणून हा स्क्रू त्याच स्थितीत, शेवटी आणि जाणकार मिस्त्रीकडूनच जुळवून घ्यावा. तो अधिक आवळल्यास स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही.

झिजलेला टाय रॉड एंड दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. जुना काढताना आट्यांचे फेरे मोजून ठेवावेत. नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर पिनेचे छिद्र जुळले नाही, तर नट किंचित पुढे आवळावा, मागे सोडू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरावी. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, अन्यथा नवे टायरही लवकर झिजतात.

जे. पी. नगरात उभ्या असलेल्या त्या पिकअपचे सुटे भाग मिळविण्यासाठी बंगळुरूतील जे. सी. रोड ही वाहनांच्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. सांधा ढिला आढळल्यास मिस्त्रीला गाडीपाशी बोलवावे आणि दुरुस्तीनंतरच परतीचा प्रवास सुरू करावा. अर्धा दिवस वाया गेला तरी चालेल.

विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपूर्व मेळाव्यात ही दोन माणसांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी एक जॅक, एक स्टँड आणि अर्धा तास पुरेसा आहे. हंगामाचा पहिला माल गाडीत चढण्यापूर्वी प्रत्येक बागायतदाराने ती करून घेतली, तर मालाबरोबर माणूसही सुखरूप घरी पोहोचेल.