विश्लेषण : ‘व्हायरल लोड’ ४५ वरून ९० झाला, म्हणजे एचआयव्ही वाढला का?

गेल्या वर्षीच्या अहवालात आकडा होता ४५, यंदा ९०. गोळी एकदाही चुकलेली नाही, तरी आकडा दुप्पट. एआरटी केंद्रातून असा कागद घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाची झोप उडणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या एखाद्याच्या कागदावर आकडाच नसतो. तिथे ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ एवढेच लिहिलेले असते आणि आजार गेला, आता गोळ्या कशाला, असे त्याला वाटू लागते. पहिल्याची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते, तर दुसऱ्याचा आनंद त्याला महागात पडू शकतो. हा आकडा कसा तयार होतो, हे कळले की दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

हा आकडा नेमका कशाचा?

एचआयव्हीची जनुके आरएनएवर असतात आणि विषाणूच्या प्रत्येक कणात या आरएनएच्या दोन प्रती असतात. रक्तातील पेशी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवाला प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव म्हणतात. त्याच्या एका मिलिलीटरमध्ये आरएनएच्या किती प्रती आहेत, हे व्हायरल लोड सांगतो. उपचार नसताना हा आकडा हजारांत, अनेकदा लाखांत असतो. औषधे नीट लागू पडली तर साधारण सहा महिन्यांत तो मोजता येणार नाही इतका खाली येतो.

भारतात मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर कित्येक वर्षे उपचारांचा अंदाज मुख्यतः ‘सीडी-४’ पेशींच्या संख्येवरून घेतला जात होता. पण सीडी-४ म्हणजे झालेल्या नुकसानीची मोजदाद, आणि औषध निकामी होऊ लागल्यावर ती संख्या उशिरा घसरते. विषाणू त्याच्या बराच आधी डोके वर काढतो. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने एआरटीवरील सर्वांसाठी वर्षातून किमान एकदा मोफत व्हायरल लोड चाचणीची योजना सुरू केली. तेव्हा उपचार घेणाऱ्यांची संख्या सुमारे १२ लाख होती.

मोजतात कसे?

करोनाकाळात ‘आरटी-पीसीआर’ आणि ‘सीटी व्हॅल्यू’ हे शब्द घराघरांत पोहोचले. इथेही तंत्र तेच आहे, फक्त प्रश्न वेगळा आहे. तेव्हा ‘विषाणू आहे की नाही’ हे पाहायचे होते, इथे ‘किती आहे’ हे सांगायचे असते.

आधी आरएनएचे डीएनएत रूपांतर केले जाते. त्यासाठी लागणारे ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ हे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना १९७० मध्ये याच प्रकारच्या विषाणूंमध्ये सापडले होते. एचआयव्ही ज्या हत्याराने माणसाच्या पेशीत घुसखोरी करतो, त्याच जातीचे हत्यार त्याला मोजायला वापरले जाते. पुढे प्रत्येक फेरीत डीएनए दुप्पट होतो. १० फेऱ्यांत एका प्रतीच्या १,०२४ होतात, ३० फेऱ्यांत सुमारे १०७ कोटी. प्रतींबरोबर चमकणाऱ्या रंगद्रव्याचा प्रकाश वाढतो आणि तो ठरावीक पातळीला कितव्या फेरीत पोहोचला, याची यंत्र नोंद करते. सुरुवातीच्या प्रती जितक्या जास्त, तितका प्रकाश लवकर. दहापट फरक असेल तर साधारण सव्वातीन फेऱ्यांचे अंतर पडते.

खरी मेख दुप्पट होण्यातच आहे. प्रत्येक फेरीत २ पट वाढ होण्याऐवजी १.९ पट झाली, तर ३० फेऱ्यांनंतर १०७ कोटींऐवजी जेमतेम २३ कोटी प्रती तयार होतात. प्रत्येक फेरीतली किरकोळ कसर, पण शेवटी उत्तर चौपटीहून अधिक चुकते. म्हणूनच प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात एक वेगळा, ओळखता येणारा आरएनए आधीच मिसळतात. त्याची वाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही, तर तो निकाल बाद होतो. जगभरातील किट एकाच मापाने मोजावेत यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा प्रमाणित नमुनाही आहे. सोनाराचे वजन जसे प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसेच हे.

चूक यंत्राआधीच होते का?

पुष्कळदा हो. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतच घ्यावे लागते. हिरव्या टोपणाच्या नळीतील हिपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. रक्त घेतल्यावर साधारण २४ तासांच्या आत रक्तद्रव वेगळा करून थंड ठेवावा लागतो, कारण आरएनए नाजूक असतो आणि त्याला तोडणारी विकरे रक्तात आणि हाताच्या त्वचेवरही असतात. नमुना उन्हात तापला, तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

उलटी चूकही घडते. संसर्ग झालेल्या पेशींच्या आतही एचआयव्हीचा डीएनए असतो. रक्तद्रव नीट वेगळा झाला नाही आणि त्यात पेशी राहिल्या, तर काही किट तो डीएनएही मोजतात आणि औषध उत्तम चालू असलेल्या व्यक्तीचा आकडा फुगतो. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरून केलेल्या चाचणीत हीच अडचण येते. दुर्गम भागातून असे नमुने पाठवणे फार सोयीचे, पण कमी आकड्यांवर त्यांचा भरवसा कमी. दूरच्या तालुक्यातून नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतचा प्रवास हाही चाचणीचाच भाग आहे, तो अहवालात दिसत नाही इतकेच.

प्रयोगशाळांवर नजर ठेवण्यासाठी त्यांना उत्तर माहीत नसलेले नमुने पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहिले जातात. एचआयव्ही चाचण्यांच्या अशा गुणवत्ता व्यवस्थेत पुण्यातील भोसरी येथे १९९२ मध्ये सुरू झालेली ‘नारी’ ही संस्था देशाची शिखर प्रयोगशाळा राहिली आहे.

मग ४५ आणि ९० मध्ये फरक काय?

जवळजवळ काहीच नाही. एकाच कढईतील पोहे दोन बशांत वाढले, तर दोन्हींत शेंगदाणे सारखे येत नाहीत. एका मिलिलीटरमध्ये ५० प्रती असतील आणि यंत्राने अर्धा मिलिलीटर घेतला, तर त्यात सरासरी २५ प्रती येतील. पण एकदा २० येतील, एकदा ३१. यात चूक कोणाचीच नाही, तो निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. आरएनए वेगळा काढताना होणारी गळती त्यात आणखी भर घालते.

म्हणूनच व्हायरल लोडमधील बदल बेरजेत नव्हे, पटीत पाहतात. तज्ज्ञांच्या भाषेत ०.५ लॉग, म्हणजे साधारण तिपटीहून कमी बदल झाला असेल, तर तो खरा बदल मानत नाहीत. ३०,००० चे ५०,००० झाले तरी तेच. मध्येच एकदा आकडा किंचित वर जाऊन पुढच्या चाचणीत खाली येतो, त्या प्रकाराला ‘ब्लिप’ म्हणतात आणि तेवढ्यावरून औषध बदलत नाहीत. ‘२० पेक्षा कमी’ आणि ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ हेही एक नव्हे. पहिल्यात विषाणूचा माग लागला, पण खात्रीने मोजण्याइतका नाही. दुसऱ्यात मागच लागला नाही.

हजाराची रेषा कुठून आली?

आकडा १,००० च्या वर गेला तरी लगेच औषध बदलत नाहीत. आधी गोळ्या चुकतात का, हे समुपदेशनात पाहतात. साधारण तीन महिने गोळ्या नीट घेतल्यावर पुन्हा चाचणी होते. तेव्हाही आकडा हजाराच्या वरच राहिला, तर औषध निकामी ठरल्याचे समजून दुसऱ्या फळीचा विचार होतो. इथे मापनातील चूक परवडत नाही. आकडा खोटा जास्त आला, तर चांगले चाललेले औषध हातचे जाते, आणि पर्याय मोजकेच असतात. खोटा कमी आला, तर औषधाला न जुमानणारा विषाणू महिनोन्‌महिने वाढत राहतो.

हा आकडा जोडीदारासाठीही महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर-२’ अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांची पाहणी झाली. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही होता आणि औषधांमुळे व्हायरल लोड २०० च्या खाली होता. अशा जोडीदाराकडून दुसऱ्याला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. ‘सापडत नाही, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरत नाही’ हा संदेश अशाच मोजमापांवर उभा आहे.

विषाणू बदलला, तर चाचणी चुकते?

चाचणी विषाणूच्या जनुकांतील ठरावीक तुकडा ओळखते. तिथेच बदल झाला, तर विषाणू असूनही आकडा कमी येतो. सुरुवातीचे किट पाश्चिमात्य देशांत आढळणारा ‘बी’ उपप्रकार डोळ्यांसमोर ठेवून बनवले होते आणि ते इतर काही उपप्रकार कमी मोजत. भारतात ‘सी’ उपप्रकाराचे प्राबल्य आहे. पुढे किट सुधारले, आणि काही किट आता एकाऐवजी दोन तुकडे शोधतात. एचआयव्ही-२ हा तर वेगळाच विषाणू. तो मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळतो, पण भारतातही त्याचे रुग्ण आहेत. एचआयव्ही-१ च्या चाचणीत तो दिसत नाही.

‘सापडला नाही’ म्हणजे गेला का?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांतच औषधे सुरू झाली. सुमारे दीड वर्षाचे असताना उपचार थांबले, तरी विषाणू सापडेना. २०१३ मध्ये हे बाळ बरे झाल्याची बातमी जगभर गेली. जुलै २०१४ मध्ये, औषधांविना २७ महिने काढल्यानंतर, रक्तात १६,७५० प्रती आढळल्या.

विषाणू लपला होता तो पेशींच्या डीएनएत. व्हायरल लोड रक्तद्रवात पाहतो, या सुप्त साठ्यापर्यंत तो पोहोचतच नाही. बहुतेकांनी गोळ्या थांबवल्या, तर काही आठवड्यांतच विषाणू परततो, तो याच साठ्यातून. हा साठा मोजणे आणखी अवघड, कारण पेशींतील एचआयव्हीच्या बहुतांश डीएनए प्रती मोडक्या असतात आणि त्यांतून नवा विषाणू तयार होऊ शकत नाही. साध्या पीसीआरला मोडके आणि धडधाकट यांतला फरक कळत नाही. ‘डिजिटल पीसीआर’मध्ये नमुना सुमारे २०,००० सूक्ष्म थेंबांत विभागून प्रत्येक थेंब ‘हो की नाही’ असा तपासतात. २०१९ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत एकाच वेळी विषाणूच्या डीएनएवरील दोन जागा पाहतात आणि दोन्ही शाबूत असतील, तरच ती प्रत धडधाकट धरतात. या चाचण्या अद्याप संशोधनापुरत्याच आहेत. एखादी व्यक्ती खरोखर बरी झाली का, हे पाहण्यासाठी आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून विषाणू परततो का, याचीच वाट पाहावी लागते.