सोरायसिसचं मलम: चांगलं कशाला म्हणायचं?

सोरायसिसवर लावायची औषधं दीडशे वर्षांपासून आहेत. मग नव्या मलमांवर अजून संशोधन का चालू आहे? याचं उत्तर एका जुन्या औषधात सापडतं, आणि त्या गोष्टीत आपला गोवाही आहे.

ब्राझीलमध्ये अरारोबा नावाचं झाड होतं. त्याच्या खोडातली पिवळी पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून गजकर्णावर वापरली जाऊ लागली. १८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली, आणि गुण आला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही पूड मिळेना. तेव्हा १९१६ मध्ये तिथे तिच्याशी मिळतंजुळतं, कारखान्यात बनवलेलं डिथ्रानॉल पुढे आलं.

आता बघा, डिथ्रानॉलनं चट्टे कमी होतात. पण कपड्यांवर, चादरींवर न निघणारे डाग पडतात आणि भोवतालची चांगली कातडी भाजल्यासारखी होते. मग पेशंट काय करणार? चार दिवस लावणार आणि सोडून देणार! म्हणून पद्धत बदलली: थोडा वेळ, साधारण अर्धा तास लावायचं आणि धुऊन टाकायचं. चट्ट्यात औषध लवकर शिरतं, निरोगी कातडीत हळू शिरतं, म्हणून हे जमतं.

स्टेरॉइडची अडचण वेगळी. डाग नाही, वास नाही, गुणही लवकर. पण तीव्र स्टेरॉइड महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि एकदम थांबवलं तर आजार उसळू शकतो. दुकानातून परस्पर ट्यूब आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

२०२२ मध्ये अमेरिकेत टॅपिनारॉफ आणि रोफ्लुमिलास्ट या दोन क्रीमना मंजुरी मिळाली. दोन्हींत स्टेरॉइड नाही, दोन्ही दिवसातून एकदाच लावायची. रोफ्लुमिलास्ट तर काख-जांघेसारख्या नाजूक जागीही चालतं.

म्हणजे रोज, न कंटाळता लावता येणं हाही औषधाचा गुणच आहे. तेव्हा मलम मध्येच सोडलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, का सोडलं तेही सांगा. नाहीतर औषध लागू पडलं नाही असं समजून ते आणखी तीव्र औषध लिहून देतील.