गायनस्पर्धा आणि लोकप्रियतेचे माप

(द्वितीय वर्ष कला)

कोणाचे गाणे किती जणांना आवडते, हे मोजण्याची हौस प्रत्येक काळाला होती. आज ही मोजणी मोबाइलवर होते. दूरचित्रवाणीवर एखादी गायनस्पर्धा सुरू झाली, की कोणाच्या चित्रफितीला किती 'व्ह्यूज' मिळाले, कोणाचे 'फॉलोअर' किती वाढले, याची चर्चा एस. टी. च्या थांब्यापासून आपल्या वर्गापर्यंत सर्वत्र चालते. "ज्याचे फॉलोअर जास्त तोच जिंकणार," असे एक जण म्हणतो. तर "फॉलोअर जास्त म्हणून कोणी मोठा गवई होत नाही," असे दुसरा म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा आकडा नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आपल्याच तालुक्यातले एक जुने माप पाहू. लेण्याद्रीहून नारायणगाव काही फार दूर नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारीख व रक्कम ठरवतात आणि सुपारी देतात. ज्या फडाला मागणी जास्त, त्याचा भाव जास्त. हेही लोकप्रियतेचे मापच होय. परंतु या मापात दोन गोष्टी आहेत. सुपारीचा पैसा गावाच्या वर्गणीतून आलेला असतो, आणि कला सर्वांनी समोर बसून पाहिलेली असते. खेळ पडला तर पुढच्या वर्षी गाव दुसरा फड आणते. म्हणजे येथे कौल देणाऱ्याला काही मोजावे लागते आणि पारखही करावी लागते.

त्यानंतर रेडिओ आला. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांचा क्रम लावताना रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती विचारात घेतली जाई. याच काळात झुमरी तिलैया हे नाव देशभर झाले. आज झारखंडात असलेल्या या लहानशा गावातून फर्माइशीची पत्रे इतकी येत, की ऐकणाऱ्याला ते मोठे शहर वाटावे. वास्तविक पत्रे लिहिणारे हौशी लोक थोडे होते, पण ते पुष्कळ पत्रे लिहीत. थोड्यांचा उत्साह हा सर्वांची आवड म्हणून दिसू शकतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

१९९५ साली झी वाहिनीवर 'सा रे ग म' सुरू झाले. सोनू निगम सूत्रसंचालन करीत आणि निर्णय नामवंत परीक्षक देत. प्रेक्षकांनी फक्त ऐकायचे होते. पुढे 'इंडियन आयडल'ने हा निर्णय एसएमएसच्या मार्गाने प्रेक्षकांच्या हाती दिला. ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा अभिजित सावंत पहिला विजेता ठरला आणि महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. निर्णय पारख करणाऱ्याकडून कौल देणाऱ्याकडे गेला, तो येथे.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व शिकतो. या स्पर्धांत ते लागू नव्हते. ज्याच्या फोनमध्ये पैसे जास्त, तो जास्त मते देऊ शके. २००७ साली 'कौन बनेगा करोडपती'च्या एसएमएस स्पर्धेवरून ग्राहकांच्या वतीने तक्रार झाली, तेव्हा एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडतात, हे लोकांच्या ध्यानात आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये केलेला दंड पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. परंतु प्रेक्षकाची पसंती हा आता व्यापाराचा माल झाला आहे, एवढे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

शिवाय मत नेहमी गळ्यालाच मिळते असे नाही. २००६ मध्ये आसामातल्या सिलचरचा देबोजित साहा 'सा रे ग म प'चा विजेता झाला, तेव्हा ईशान्येकडील लोकांनी तो आपल्या प्रदेशाचा विजय मानला. २००७ मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग 'इंडियन आयडल' झाला. तो कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याला मते मिळावीत म्हणून गोरखा समाजाने मोठी चळवळच उभारली. त्या चळवळीत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. एका गायनस्पर्धेने डोंगरातले राजकारण हलवले! ज्यांना देशात कोणी विचारीत नाही असे वाटत होते, त्यांनी एसएमएसमधून "आम्हीही आहोत" असे सांगितले. हे चूक होते असे मी म्हणणार नाही. मात्र ते गाण्याचे परीक्षण नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे २००८-०९ चे 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन ही नावे आजही गावांसकट आठवतात. परीक्षक गुण म्हणून 'ध', 'नी' असे सूरच देत. वडिलांच्या भजनी मंडळातली मंडळी ते सूर ऐकून "बरोबर दिला" किंवा "कमी दिला" असे वाद घालीत, असे आमच्या घरी अजून सांगतात. शाळेत फारसे न गेलेली ही माणसे, पण त्यांचा कान तयार होता. विजेती कार्तिकी झाली. तरी पाचही जणांना लोकांनी 'पंचरत्न' म्हणून सारखेच जवळ केले. २०२१ मध्ये हीच पाच मुले मोठी होऊन 'लिटिल चॅम्प्स'च्या परीक्षकांच्या खुर्चीवर बसली. निकाल एका रात्रीचा असतो; लोकांच्या मनातली जागा गायकाला बारा वर्षे गाऊन टिकवावी लागते.

आता आजच्या समाजमाध्यमांकडे वळू. येथे पसंती फुकट झाली आहे. अंगठा लावला की 'लाइक' पडते. त्यासाठी ना वर्गणी, ना टपालाचे तिकीट. दुसरे असे, की कोणते गाणे आपल्यापुढे यावे हे यंत्र ठरवते. ते एखादी 'रील' आधी थोड्या लोकांना दाखवते. लोक ती शेवटपर्यंत पाहतात का, खाली काही लिहितात का, दुसऱ्याला पाठवतात का, हे पाहून मग ती आणखी लोकांपुढे नेते. म्हणजे येथे बोट थांबवून धरण्याची शक्ती मोजली जाते. उंच तान, डोळ्यांतले पाणी, घरच्या गरिबीची हकीकत यांनी बोट थांबते. विलंबित ख्याल अर्ध्या मिनिटात मावत नाही. संतापानेही बोट थांबते. २०२१ च्या 'इंडियन आयडल'मध्ये विशाखापट्टणमच्या षण्मुखप्रियाला काढून टाका म्हणून लोकांनी समाजमाध्यमांवर ओरड केली, आणि तरीही ती अंतिम फेरीत पोहोचली. टीका करणारेही तिचेच नाव सर्वत्र नेत होते.

परीक्षकांचा शब्द तरी भक्कम राहिला आहे काय? त्याच वर्षी किशोरकुमार विशेष भागात पाहुणे म्हणून आलेले गायक अमितकुमार यांनी, सर्व स्पर्धकांची स्तुती करण्यास आपल्याला सांगण्यात आले होते, असे नंतर उघड सांगितले. परीक्षकच सरसकट वाहवा करू लागले, तर प्रेक्षकाने आकड्यावर विश्वास ठेवला यात नवल नाही.

दोन काळांतली लोकप्रियता समोरासमोर उभी राहिली ती २०२४ च्या 'बिग बॉस मराठी'त. तो गाण्याचा कार्यक्रम नव्हे, पण कौल प्रेक्षकांचा होता. ६ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यातल्या, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता झाला आणि अभिजित सावंत दुसरा आला. एकाला एसएमएसने मोठे केले होते, दुसऱ्याला मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींनी. खेड्यातल्या गरीब मुलासाठी कोणत्याही ओळखीवाचून दार उघडते, ही या माध्यमाची मोठीच देणगी आहे. पूर्वी मुंबईला जाऊन उंबरे झिजवावे लागत.

आणि म्हणूनच हा विषय आपल्यासाठी केवळ करमणुकीचा नाही. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर हरिपाठात, भजनात, लग्नाच्या वरातीत गाणारी कितीतरी मुले आहेत. आमच्यासारख्या घरांतून कॉलेजात आलेली पहिली पिढी आता मोबाइलवर गाते. आज हजार 'लाइक' पडले की उद्या शिक्षण सोडावेसे वाटते. परवा दहाच पडले की गाणे सोडावेसे वाटते. दोन्ही वेळा निर्णय आकड्याने घेतलेला असतो. अशा वेळी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे स्मरण करावे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले, उभा महाराष्ट्र त्यांच्या खेळाला लोटला, तरी २००२ साली निधन होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस हलाखीत गेले. समोर बसलेल्या हजारोंची, पदरचे पैसे मोजणाऱ्यांची लोकप्रियताही म्हातारपणी पुरली नाही. मग फुकटच्या अंगठ्यांवर किती भरवसा ठेवावा?

तात्पर्य, लोकप्रियतेचा आकडा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. गाणे किती जणांपर्यंत पोहोचले हे तो सांगतो. ते कसे होते हे सांगत नाही. धान्य मापायला पायली असते आणि सोने तोलायला तराजू. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. आपल्या भागातल्या स्पर्धकाला जरूर मत द्यावे, पण त्याआधी त्याचे गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकावे. आणि जो गातो, त्याने 'लाइक' मोजावेत, पण "आज तुझा सूर उतरला होता" असे तोंडावर सांगणारा एक तरी गुरू, एक तरी जाणता म्हातारा जवळ ठेवावा. असे कान आपल्या भजनी मंडळांत अजून आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून शिकून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.